जोडओढ्याचा नकाशा

डिंकाचे लाडू आईनं आधीच करून ठेवले होते. मूल गेल्यावर त्या डब्याचं काय करायचं ते कुणाला सुचेना. टाकून देणं आमच्या घरात बसत नाही. बीडमध्ये आमचं किराण्याचं दुकान; खारीक, खोबरं, डिंक यांची नासाडी आम्हाला बघवत नाही, मग घरात काहीही झालेलं असो. शेवटी ते लाडू मीच खाल्ले. रोज सकाळी एक, दुधाबरोबर. चवीला चांगले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं मी लातूरहून आले होते. मुलगा झाला. त्याला श्वास नीट लागत नव्हता म्हणून लगेच काचेच्या पेटीत ठेवलं, आणि दोन दिवसांनी दादानं हॉस्पिटलच्या खोलीच्या दारात उभं राहून नुसती मान हलवली. तेवढीच बातमी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचे वडील, आप्पा, गेल्यापासून दुकान तोच बघायचा. नवरा लातूरहून आला. तो आणि दादा बाळाला घेऊन गेले, आणि बऱ्याच वेळानं अंघोळ करून ओल्या केसांनी परत आले. नवरा माझ्या पायाशी बसून पंख्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटी होती, तो गेला. मग फोन करायचा. 'जेवलीस का' आणि 'आराम कर' याच्यापुढे दोघांनाही काही सुचायचं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. म्हणजे माणूस गेल्यावरही त्याची एक जागा राहते. तिथं जाता येतं, पाणी घालता येतं. पण आमच्या घरची समजूत अशी, की तान्ह्या लेकराच्या जागेवर त्याच्या आईनं जायचं नाही. पुढच्याला बाधतं म्हणतात. जाणं सोडाच, जागा कुठली हेही तिला सांगत नाहीत. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारावंसं वाटलंच नाही. मला काहीच वाटत नव्हतं. दूध आटावं म्हणून आईनं छाती घट्ट बांधली तेव्हा दुखत होतं, पण ते दुखणं शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं होतं. ऐकू यायचं, आपलं वाटायचं नाही.

भेटायला बायका यायच्या. एक नारायणगडाहून आलेली, ती अंगारा लावून गेली. दुसरी म्हणाली, "वय काय झालंय तुझं, हूतील आनखी." तिसरीनं माझ्यापेक्षा वाईट कुणाकुणाचं काय काय झालं याची जंत्रीच लावली आणि जाताना दुकानातून चहापत्ती घेऊन गेली. मी सगळ्यांना 'हो' म्हणायचे. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

दादाला माझं बसून राहणं बघवेना. "बी.एड.च्या प्रवेशाचं काय ते इंटरनेटवर कळतंय म्हनं," तो एक दिवस म्हणाला. "जा की बघायला. घरात बसून काय अंडी उबवतीस?" बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. दुकानातल्या गिऱ्हाइकानंही मान खाली घातली. मला तेसुद्धा लागलं नाही. मी चपला घातल्या आणि गेले.

दुकानापासून चार गाळे सोडून सायबर कॅफे होता. त्याच्या मालकाचं चरित्र म्हणजे त्या वर्षांचा इतिहासच: आधी व्हिडिओ पार्लर, मग एसटीडी बूथ, मग झेरॉक्स, आता इंटरनेट. बीडात जे नवं येईल ते पहिलं त्याच्या गाळ्यात यायचं, आणि जुनं व्हायचं तेही पहिलं तिथंच. एसटीडीची काचेची पेटी अजून कोपऱ्यात उभी होती, तिच्यात तो आता झाडू ठेवायचा. आत प्लायवूडचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला पडदा. मला बघून त्यानं सगळ्यात पुढचा, बिनपडद्याचा संगणक दिला. पडद्यांआड कॉलेजची पोरं काय बघतात ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पोरांना वाटायचं की कुणालाच माहीत नाही.

बी.एड.चं मी पाहिलंच नाही. बी.ए.ला माझा विषय भूगोल. कॉलेजात नकाशावाचनाचं प्रात्यक्षिक असायचं, त्यासाठी सर्वेक्षणाचे मोठाले कागद मिळायचे, घड्यांवर फाटलेले, पाचजणींत एक. मला ते आवडायचं. नदीची निळी रेघ, गाडीवाटेच्या दोन रेघा, पायवाटेची तुटक रेघ. खुणा पाठ केल्या की घरबसल्या चालता यायचं. त्या दिवशी समोरच्या रिकाम्या चौकटीत काहीतरी लिहायला पाहिजे म्हणून मी इंग्रजीत 'जुने नकाशे' एवढंच लिहिलं.

कुठल्याशा परदेशी विद्यापीठाच्या ग्रंथालयानं आपल्याकडचे जुने नकाशे सगळ्या जगाला बघायला ठेवले होते. फुकट. मला वाटलं काहीतरी चूक असेल, आता कुणीतरी येऊन बंद करील. कुणी केलं नाही. मात्र नकाशा एकदम दिसायचा नाही. आधी नुसता राखाडी पडदा, मग वरच्या कोपऱ्यातला एक चौकोन, मग त्याच्या शेजारचा. मोठा करून बघायचा म्हटलं की सगळे चौकोन पुन्हा पहिल्यापासून. समुद्र आधी आला तर कितीतरी वेळ समुद्रच. मध्येच भारनियमन सुरू व्हायचं, बॅटरी किंचाळायला लागायची, आणि अर्धी आफ्रिका तिथंच राहायची. मला घाई नव्हती. चौकोन भरेपर्यंत मी बसून राहायचे, आणि बसून राहण्याची मला तोवर चांगली सवय झालेली होती.

मी रोज जायला लागले. दुपारचं जेवण झालं की जायचं, उन्हं उतरली की यायचं. आधी लांबलांबची बंदरं पाहिली, मग हिंदुस्थानचे कसेही काढलेले आकार, एकात तर आपला देश चेपलेल्या पेरूसारखा होता. मग निजामाच्या राज्याचे कागद सापडले. या सगळ्यातून मला काही मिळवायचं नव्हतं. नकाशात माणसं नसतात, तेच बरं वाटायचं. गावं असतात, विहिरी असतात, वाटा असतात. कुणी तुमच्या पोटाकडं बघून च्‌ च्‌ करत नाही.

"ताई," मालक एकदा म्हणाला, "लोकं हितं पुढचं बघायला येत्यात. पुण्याच्या नोकऱ्या, अमेरिकेचा व्हिसा. तुमी एकट्याच मागचं बघताय."

"मागचं बघितलं तर बिल कमी लावता का?" मी विचारलं. तो हसला आणि चहा सांगितला.

आईला या सगळ्याचं काही कळेना. मी बाहेर जाते याचा तिला आनंद होता, पण तिथं आहे तरी काय, हे तिला जाणून घ्यायचं होतं. एकदा ती भाकरी थापत होती, मी जवळ बसून शेंगा सोलत होते.

"काय बघतीस ग तितं रोज?"

"जुने नकाशे."

"कशाचे?"

"सगळ्याचे. निजामाच्या काळातले आपल्याकडचेही आहेत."

आईचा हात थांबला. "मग आपलं जुनं गाव आसंल का त्यात?"

आमचं जुनं गाव सिंदफणेच्या काठी होतं. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. दादा तेव्हा कडेवर होता, मी तर व्हायचीच होते. सरकारनं वर माळावर नवं गावठाण आखून दिलं, बाकीची माणसं तिथं गेली. आप्पा म्हणाले, दुकानदाराला माळावर कुठलं गिऱ्हाईक, आणि बीडला आले. जुन्या गावाबद्दल आमच्या घरात कुणी उसासे टाकत नसे. आई म्हणायची, उन्हाळ्यात पाणी लई लांबून आणाया लागायचं. त्यावर आप्पा म्हणायचे, म्हणून तर शेवटी पाणीच गावाला आलं. ही आमच्या घरातली जुनी गंमत होती, आणि गाव म्हटलं की मला तेवढंच ठाऊक होतं.

"असेल," मी म्हणाले. "बघते. कशाला पाहिजे?"

"जोडओढा दिसतो का बग."

"तो काय असतो?"

"आपल्या लोकाचा मसनवटा. तितं दोन ओढे जुळत्यात म्हनं. तिला तितं ठिवलंय."

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती, कारण बाळंतपणं सांगताना आई तीन सांगायची आणि आम्ही भावंडं दोनच होतो. तिसरी कोण हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी आईनं आपणहून सांगितलं. दादाच्या आधी मुलगी झाली होती. बारसंही झालं नव्हतं, पण जंगमांनी येऊन गळ्यात लिंग बांधलं होतं, म्हणून रीतसर समाधी दिली. त्या काळी आईच्या सासरची चाल वेगळी होती, आई पहिलटकरीण असूनही तळवाड्याला माहेरी गेली नव्हती. आतल्या खोलीत बाजेवर होती. सकाळी माणसं लेकरू घेऊन गेली, ती उन्हं कलल्यावर परत आली. आप्पा एवढंच म्हणाले, जोडओढ्याला ठेवलं.

"सकाळी गेलते, उनं कलल्यावर आले," आई म्हणाली. "म्हंजी किती लांब आसंल बग. पार शिवंवर आसंल. मी लई दिस मनात धरून बसलेते, एकटं पडलं लेकरू, एवढ्या लांब."

"मग आप्पांना विचारायचं की, नेमकं कुठं."

"कावून विचारू? त्यांच्या डोळ्याला पानी आनायला?"

आईच्या सासूबाईंची ताकीद होती: जायचं नाही, विचारायचं नाही, पुढच्याला बाधतं. मग दादा झाला. लगेच गाव हलवायची गडबड सुरू झाली, आणि मग पाणीच आलं. कोरड्या सालात धरण खाली गेलं की जुन्या गावची माणसं जीप करून जायची आणि आपापल्या घराच्या जोत्यावर उभी राहून यायची. आईलाही बोलवायची. आई कधीच गेली नाही. का, ते मला त्या दिवशी कळलं.

"तितं जाऊन कोन्या दिशेला हात जोडू?" ती म्हणाली. "सारं गाव मला घर, हीर आन् देऊळ एवढंच ठावं. मरायच्या आदी ती कुठंय एवढं कळलं ना, बास."

आणि तिनं भाकरी उलटली.

तेव्हा मला आईची कीव आली असती तर बरं झालं असतं. तीही आली नाही. पण इतके दिवस मी नुसती बघत होते, आता शोधायला काहीतरी मिळालं. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेले.

निजामाच्या राज्याच्या त्या नकाशांचे शेकडो तुकडे होते आणि कुठला तुकडा कुठला हे सांगणारा एक वेगळा नकाशा होता, त्यातले आकडे नीट वाचता येत नव्हते. पहिला तुकडा उघडला तो आष्टीकडचा निघाला, नुसते डोंगर. दुसरा गोदावरीच्या पलीकडचा. तिसऱ्या तुकड्याच्या वेळी वीज गेली. मग मी आकडे सोडून दिले आणि नदी धरली. बीड सापडलं, बीडातून जाणारी बिंदुसरा सापडली. बिंदुसरेच्या काठाकाठानं खाली गेले, ती सिंदफणेला मिळाली, मग सिंदफणेबरोबर उगवतीकडे. प्रत्येक वळणाला चौकोन भरायची वाट बघायची. मध्ये एक दिवस नेट आलंच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी, नदीच्या एका वळणावर, आमच्या गावाचं नाव आलं.

गाव म्हणजे एवढासा काळा पुंजका. एक विहीर, एक देऊळ, पश्चिमेकडून आत शिरणारी गाडीवाट. उत्तरेला दोन बारीक निळ्या रेघा एकमेकींना मिळून नदीकडे जाताना दिसत होत्या. ज्या जागेवर माझ्या जन्माच्या आधीपासून पाणी आहे तिथं घरं होती आणि नदी आपल्या जागी होती. एरवी मला यात काहीतरी वाटलं असतं. मी मालकाला म्हटलं, एवढा भाग जमेल तितका मोठा करून छापून द्या. चार कागद निघाले.

"एवढ्या ठिपक्यापायी माझी शाई संपली की, ताई," तो म्हणाला. मग कागदांकडे जरा वेळ बघत राहिला. "ह्ये धरनातलं का? आमच्या मावशीचं बी तिकडंच गेलं." त्यानं स्वतःच चिकटपट्टी शोधून कागद जोडून दिले.

दुपारी दुकान बंद असायचं. दादा आत आडवा झाला होता. मी आईच्या पुढ्यात फरशीवर नकाशा पसरला. नकाशात उत्तर वर असते, पण आईला वर-खालीशी काही देणंघेणं नव्हतं. "उगवत कुठं?" तिनं विचारलं. मी दाखवली. तिनं अख्खा कागद फिरवला, घराच्या उगवतीला नकाशाची उगवत आणली, आणि मग मांडी घालून बसली. कॉलेजात पहिल्या तासाला आम्हालाही हेच शिकवलं होतं.

"आपलं घर?"

घरं वेगळी दिसत नव्हती. आई उठून दुकानात गेली, मूठभर सुपाऱ्या आणि एक हळकुंड घेऊन आली आणि पूजेची मांडणी करावी तशी मांडायला लागली. मी फक्त खुणा सांगत होते. एक सुपारी वेशीवर, गावाच्या मावळतीला. एक विहिरीवर. विहिरीवरून घराचा अंदाज तिला होता, तिथं एक. गावाच्या उत्तरेच्या टोकाला महादेवाचं देऊळ, तिथं हळकुंड ठेवलं. मांडताना तिचा चेहरा जरा खुलला होता. "ह्या बोळीत एक कुत्रं हुतं, लई खवीस," ती म्हणाली, आणि कागदावरच्या काळ्या रेघेला हसली.

"आता जोडओढा," ती म्हणाली. "वेशीतनं न्यायचे."

तिनं वेशीच्या सुपारीवर बोट ठेवलं. मी वाट सांगत होते, ती बोट सरकवत होती. बोट वेशीतून बाहेर पडलं, गाडीवाटेनं मावळतीकडे लांबच लांब गेलं. मग एक तुटक रेघ फुटली, तिच्यावरून वळलं, मळ्यांच्या कडेनं ओढ्यापर्यंत गेलं, ओढा उतरून पलीकडे चढलं. पलीकडच्या काठानं मग ते उगवतीकडे परत यायला लागलं. गावाला वळसा घालून, चालत चालत, दोन्ही ओढे जिथं मिळतात तिथं तुटक रेघ संपली. आईचं बोट तिथं थांबलं.

बोटाच्या शेजारीच हळकुंड होतं. मध्ये वीतभरसुद्धा जागा नव्हती, एवढा मोठा करून छापलेला नकाशा असून.

"ह्येच का देऊळ?" आईनं विचारलं.

"हो."

"दुसरं न्हवं ना कुठलं?"

"गावाला एकच आहे, आई. आणि ओढेही दुसरीकडे कुठे मिळत नाहीत."

ती कधी हळकुंडाकडे बघे, कधी आपल्या बोटाकडे. मग माझ्या लक्षात यायला लागलं. मयत देवळापुढून न्यायची नसते. म्हणून माणसं वेशीतून बाहेर पडायची आणि सगळ्या गावाला वळसा घालून मागच्या अंगानं तिथं पोचायची. त्याला वेळ लागायचा. आतल्या खोलीत बाजेवर पडलेल्या बाईनं ती माणसं किती उशिरा परतली त्यावरून अंतर धरलं होतं, आणि आयुष्यभर तेच धरून ठेवलं होतं. आप्पा लांब म्हणाले नव्हते. कुणीच म्हणालं नव्हतं.

"पन्हाळीपाशी," आई म्हणाली.

महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हाळीतून देवळाबाहेर पडतं, ती ओलांडायची नसते. तिथवर जायचं, माघारी फिरायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा तिथवर यायचं आणि पुन्हा माघारी फिरायचं. पन्हाळ देवळाच्या उत्तर अंगाला असते. आमच्या गावच्या देवळाला, आईनं सांगितलं, त्या अंगाला उंच भिंत होती, आणि भिंतीपलीकडे केकताडाचं काटेरी कुंपण.

"ती गेल्यावर मी रोज देवळात जायची," आई म्हणाली. बोट अजून तिथंच होतं. "सासूबाईच म्हनायच्या, जा, मन रमतंय. रोज पन्हाळीपतोर जायची आन् माघारी फिरायची. भितीपल्याड ओढ्याचं पानी वाजायचं. बरं वाटायचं ऐकाया. हुबी ऱ्हायची जराशी." तिनं बोट जरा दाबलं. "गाव उठंपतोर जायची मी. रोज. आन् ती तितंच हुती. हाकंवर."

मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. सुपाऱ्या एकेक करून उचलल्या, ओच्यात घेतल्या. हळकुंड मात्र तिनं हातातच धरून ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं कुठंय?"

प्रश्न मला कळला होता. तरी मी म्हणाले, "काय?"

"लेकरू. कुठं ठिवलंय त्येला?"

"मला माहीत नाही."

"विचारलं न्हाईस?"

"तूच म्हणालीस ना हॉस्पिटलात, विचारायचं नसतं."

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून उठली, आणि आत जाऊन दादाला हलवून उठवलं. "ऊठ. हिला दाखव लेकरू कुठं ठिवलंय ते."

दादा डोळे चोळत बाहेर आला. आधी आईकडे, मग फरशीवरच्या कागदाकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आई, पुढच्याला बाधतं म्हनत्यात."

"मी आयकलं त्यांचं. न्हाई गेले," आई म्हणाली. "म्हनून आज कागदावर बोट फिरवाया लागलं. हिनं बी माझ्या वयाला कागदच बघावा का रे?"

त्यानं सदरा घातला आणि रिक्षा आणली. दुकानाचं शटर उघडायची वेळ झाली होती, एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभंच होतं. "आज नाही," दादानं त्याला सांगितलं. आमच्या दुकानात हे वाक्य मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

आमची स्मशानभूमी गावाबाहेर म्हणतात, पण गाव वाढत वाढत तिच्या भिंतीपर्यंत आलं होतं. भिंतीवर मोबाइल कंपनीची जाहिरात रंगवली होती. आत ऊन रणरणत होतं. मी त्या रिक्षात बसून आले होते, फाटकातून आत चालत होते, आणि तरी मला काही वाटत नव्हतं. चपलेत खडा गेला होता, तो मी थांबून काढला. दादा वाट न शोधता सरळ चालत होता, डावीकडे वळला, दोन ओळी ओलांडल्या आणि भिंतीजवळच्या कडुलिंबापाशी थांबला. मातीचा लहानसा उंचवटा, त्यावर चपटे दगड नीट बसवलेले. फटींत बारीक खडे भरलेले. आजूबाजूचं गवत कुणीतरी उपटलं होतं.

"हे दगड कुणी ठेवले?" मी विचारलं.

"मी. कुत्री उकरत्यात." दादा जमिनीकडे बघत बोलत होता. "सकाळी मोंढ्यात माल आणाया जाताना बघून जातो. एकांदा हाललेला आसला की बसवतो."

म्हणजे रोज. रोज सकाळी हा इथं येत होता, दगड बसवत होता, आणि मग घरी येऊन माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मी लाडू खात असायचे. आमच्या दोघांच्या मध्ये डबा असायचा. मला एकदम राग आला. इतका, की कानशिलं तापली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?" दादा म्हणाला. "तू नुसती त्या कंप्युटरकडं बघत बसायचीस. मला वाटायचं, आज विचारील, उद्या विचारील."

मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. यांतलं काहीच मी केलं नाही, कारण तेवढ्यात आई खाली बसली. उन्हानं दगड तापले होते. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आले ग पोरी," ती म्हणाली. "लई उशीर झाला बग."

दगडांखाली माझा मुलगा होता. दादानं दचकून माझ्याकडे बघितलं. मी त्याला हातानंच 'राहू दे' म्हटलं आणि आईच्या शेजारी मातीत बसले. दगडावर तिच्या हाताजवळ हात ठेवला. चटका बसला, पण मी हात काढला नाही, आणि मग मला रडू आलं.